रिलेरूमच्या दोन किल्ल्या आणि रेल्वे सुरक्षेचा अर्धा राहिलेला कायदा

कसारावाली

माझे बाबा रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी घाटाखालच्या एका लहान स्टेशनावर. क्वार्टर रुळांना इतकं लागून की मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. स्टेशनाच्या एका टोकाला रिलेरूम होती आणि तिच्या दाराला दोन कुलपं. एक किल्ली स्टेशन मास्तरांकडे, दुसरी बाबांकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि उघडलं की रजिस्टरमध्ये वेळ, कारण, सही. पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, कुठल्या लाइनला लागलाय आणि त्याप्रमाणे कुठला सिग्नल द्यायचा, हे त्या खोलीतल्या तारा ठरवतात. तिथे एक तार चुकीच्या जागी बसली तर सिग्नल खोटं बोलतो, असं बाबा सांगायचे.

काम काढायचं असेल तर आधी टी/३५१ चा डिसकनेक्शन मेमो, म्हणजे सिग्नल कामासाठी बंद करायचा कागद. मास्तरांनी मान्य केला की मगच हात लावायचा. काम झालं, तपासून झालं, की रिकनेक्शनची सही. ती सही म्हणजे 'आता गाडी सोडा, माझी जबाबदारी'.

एका पावसाळ्यात रात्री बाबांनी ती सही द्यायला नकार दिला. केबल बदलली होती, तपासणी अर्धी राहिली होती, मागे मेल उभी, फोनवर फोन येत होते. बाबा म्हणाले, 'पूर्ण तपासल्याशिवाय देणार नाही.' गाडी पंचवीस मिनिटं थांबली. पुढच्या आठवड्यात बाबांना खुलासा मागणारं पत्र आलं, गाडीला उशीर का झाला म्हणून. आईने ते पत्र देवघराच्या फळीवर ठेवलं होतं, अजून आठवतं.

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला आणि पॉइंट मात्र बाजूच्या लूप लाइनला लागलेला होता. तिथे लोहखनिजाची मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसं गेली. बाबा दोन दिवस टीव्हीसमोर होते, बोलत नव्हते. मग एवढंच विचारलं, 'टेस्टिंग कोणी केलं होतं?'

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत तेच निघालं. ९४ नंबरच्या गेटचं फाटक बदलताना सिग्नलच्या जोडणीत चूक झाली होती, आणि त्याआधी कधीतरी झालेल्या बदलातल्या तारांवरची लेबलंच चुकीची होती. त्याच खरगपूर विभागात मे २०२२ मध्ये बांकरानयाबाज स्टेशनावर चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार झाला होता. तेव्हा कोणी मेलं नाही. तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं तर कोरोमंडलचा अपघात टळला असता, असंही अहवालात म्हटलं होतं. अपघातानंतर देशभरच्या सिग्नल गुमट्यांना, म्हणजे रुळांकडेच्या सिग्नलच्या खोल्यांना, दोन कुलपं आहेत का, हे तपासायचा आदेश निघाला.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. थोडा इतिहास सांगते, कारण तो फारसा कोणाला माहीत नसतो.

१९३७ मध्ये बिहारमध्ये बिहटाला गाडी घसरली, शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पॅसिफिक जातीच्या इंजिनांची तपासणी करायला समिती नेमली, कर्नल माउंट तिचे अध्यक्ष. ते ब्रिटिश रेल्वेचे मुख्य तपासनीस. त्यांनी इंजिनांबरोबर एक वेगळीच गोष्ट लिहून ठेवली: रेल्वे तपासणारा माणूस रेल्वे बोर्डाच्या हाताखाली असता कामा नये. मे १९४१ मध्ये तो तपासणीचा विभाग बोर्डापासून तोडून टपाल आणि हवाई खात्याकडे दिला. १९६१ मध्ये त्याला रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळालं, आणि १९६७ पासून तो नागरी विमान वाहतूक खात्याखाली आहे. मुख्यालय लखनौला. नव्या लाइनवर गाडी सुरू होण्याआधी 'सीआरएस पाहणी' झाल्याची बातमी येते ना, ते हेच; सीआरएस म्हणजे रेल्वे सुरक्षा आयुक्त.

पण १९८९ च्या रेल्वे कायद्यात आयुक्तांना काय दिलंय? पाहणी करा, चौकशी करा, शिफारस करा. शिफारस मानायची की नाही ते रेल्वे बोर्ड ठरवणार. आणि आयुक्त येतात कुठून, तर रेल्वेच्याच अधिकाऱ्यांतून.

आपल्या अनिल काकोडकरांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये हे स्पष्ट लिहिलं. १०६ शिफारशी, पाच वर्षांत साधारण एक लाख कोटींचा खर्च, आणि त्यात महत्त्वाची शिफारस अशी की रेल्वे चालवणाऱ्यांपासून वेगळं, कायद्याने स्थापन केलेलं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण हवं. पुढच्याच महिन्यात रेल्वे अर्थसंकल्पात दिनेश त्रिवेदींनी ते जाहीरही केलं. भाडेवाढीवरून काही दिवसांत त्यांचं मंत्रिपद गेलं, आणि प्राधिकरण आजवर आलं नाही. मार्च २०२५ मध्ये संसदेने रेल्वे कायद्यात दुरुस्ती केली, १९०५ चा रेल्वे बोर्ड कायदा रद्द करून त्यातल्या तरतुदी १९८९ च्या कायद्यात घेतल्या. कायदा उघडलाच होता, तेव्हा हे करता आलं असतं. नाही केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाबांसारख्या माणसाने 'थांबा' म्हटलं तर त्याच्या मागे कायदा उभा हवा. तुम्हाला काय वाटतं? रेल्वेतली मंडळी असतील तर नक्की लिहा.

---

पीवे_निवृत्त

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी पी-वेतला, म्हणजे रुळांकडचा. सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. सिग्नलवाले आणि आम्ही आयुष्यभर एकमेकांशी भांडलो, पण रिकनेक्शनला नकार देणारा मेंटेनर भेटला की आम्हीही मनातून बरं मानायचो.

प्राधिकरण यावं, माझा विरोध नाही. पण कागद वरून आला म्हणून रूळ तपासला जात नाही. त्याला ब्लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ गाडी बंद. गाड्या सोडायचं ठरवणाऱ्या कंट्रोलकडे ब्लॉक मागायचा, तो म्हणणार एक्स्प्रेस जाऊ दे, मग मालगाडी जाऊ दे, मग उद्या बघू. तीन तास मागितले की पन्नास मिनिटं मिळायची. त्या पन्नास मिनिटांत गँगला जागेवर न्यायचं, वेल्ड बघायचं, गिट्टी भरायची, हत्यारं मोजून परत आणायची.

कॅगचा २०२२ चा गाडी घसरण्यावरचा अहवाल जरूर वाचा. एप्रिल २०१७ ते मार्च २०२१ मधल्या १,१२९ घसरणींच्या चौकशा त्यांनी तपासल्या. त्यातल्या ४२२ अभियांत्रिकी विभागाकडे, म्हणजे आमच्याकडे जातात. मी ते नाकारत नाही. पण त्याच अहवालात आहे की ट्रॅक रेकॉर्डिंग कारने, म्हणजे रूळ मोजणाऱ्या गाडीने, करायच्या तपासणीत ३० ते १०० टक्के तूट होती. आणि सुरक्षेसाठी म्हणून काढलेल्या राष्ट्रीय रेल संरक्षा कोषातून कपबश्या, फर्निचर, पाय चेपायची यंत्रं घेतली होती. हे वाचून मी रात्रभर झोपलो नाही. आमचा कीमन रोज पहाटे हातोडा घेऊन स्वतःची बीट चालतो, एकेक क्लिप ठोकून बघतो, निघालेली परत बसवतो. पावसाळ्यात नवे बूट मागितले की मिळायला दिवाळी उजाडायची.

म्हणून माझी मागणी: कायद्यात हे लिहा की देखभालीचा ब्लॉक ठरलेल्या वेळी द्यायचाच, आणि नाकारला तर कोणी नाकारला त्याची नोंद सुरक्षा प्राधिकरणाकडे जाईल.

---

मीना_डोंबिवली

धागा वाचून राहवलं नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. मी त्या मार्गावर बावीस वर्षं जातेय. त्या वळणावर गाडी कलते तेव्हा दारातल्या बायका एकमेकींच्या कमरेला हात घालतात, अनोळखी असल्या तरी. हे कोणी शिकवलेलं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं गेलं की पाठीवरच्या बॅगा घासल्या. मग नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे लावू म्हणाले. गाड्या वाढवल्याशिवाय दरवाजे बंद केले तर आत श्वास कसा घेणार, हे विचारायला कोणी प्लॅटफॉर्मवर आलं नाही.

माझा प्रश्न: बहानगाला आयुक्त गेले, चौकशी झाली. आमच्यासाठी कोण येतं? रोज कुणीतरी पडतं, रोज स्टेशनावर 'क्षमस्व' ऐकू येतं, आणि त्या माणसाची नोंद कुठे जाते?

---

ॲड_ठाणे

मीनाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे आणि ते वाचून वाईट वाटतं.

रेल्वे कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे माणूस दगावला असेल अशा अपघाताची सूचना द्यावी लागते. पण आयुक्तांच्या चौकशीचं कलम ११४ आहे, आणि तिथले शब्द आहेत प्रवासी गाडीला झालेला अपघात. म्हणजे गाडी घसरली, धडकली, पेटली. माणूस गाडीतून पडला तर गाडीला काही झालेलं नसतं. तो कलम १२३ मधली 'अनपेक्षित घटना' ठरतो. त्यावर १२४-अ खाली नुकसानभरपाई मिळते, मृत्यूला २०१७ पासून आठ लाख. तीही दावा करून, रेल्वे दावे न्यायाधिकरणात, आणि मृताजवळ तिकीट होतं का, तो खरंच प्रवासी होता का, यावर वाद घालून. माझ्याकडे अशा केसेस येतात. सासूने जपून ठेवलेला पास प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवतात.

त्यामुळे भरपाईचा हिशेब होतो, कारणाचा होत नाही. काकोडकर समितीने रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंचा आकडा वर्षाला जवळपास १५,००० दिला होता आणि त्यातले सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावरचे. समितीने त्याला कत्तल म्हटलं होतं. सरकारी अहवालात असा शब्द सहसा येत नाही.

आयुक्तांना अशा बाबतीत बोलावता येतच नाही असं नाही. जुलै २०१८ मध्ये अंधेरीचा गोखले पूल पडला तेव्हा चौकशी सुरक्षा आयुक्तांनी केली. त्याआधी २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, ती चौकशी रेल्वेची अंतर्गत होती आणि तिने बोट पावसाकडे दाखवलं. दोन्ही पूल मुंबईतले, मध्ये वर्षही गेलं नाही. आयुक्त यायचे की नाही हे वरच्या मर्जीवर राहता कामा नये. नवा कायदा आलाच तर 'गाडीला झालेला अपघात' हे शब्द बदलून 'रेल्वेच्या हद्दीत माणसाला झालेला अपघात' असे हवेत. प्रत्येक पडण्याची वेगळी चौकशी शक्य नाही हे मला कळतं. पण एका वळणावर, एका स्टेशनात वर्षाला ठरावीक संख्येच्या वर माणसं गेली तर आयुक्तांनी तिथे जायलाच हवं.

आणखी एक. कलम १० प्रमाणे मुख्य आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेसमोर ठेवावा लागतो. एकेका अपघाताचा अहवाल लोकांसमोर ठेवायचं तसं बंधन या कायद्यात नाही.

---

विचारी_माणूस

सगळ्यांच्या भावनांशी सहमत, पण मला काही शंका आहेत आणि त्या मनापासून मांडतो.

चौकशी करणारा आणि नियम करणारा एकच असावा का? उद्या प्राधिकरणाने नियम केला, तो चुकीचा निघाला आणि त्यामुळे अपघात झाला, तर चौकशी तेच करणार? ब्रिटनमध्ये १९९९ च्या लॅडब्रोक ग्रोव्हच्या अपघातानंतर, ज्यात ३१ माणसं गेली, लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून वेगळी तपास शाखा निघाली आणि २००५ पासून ती काम करतेय. ती फक्त कारण शोधते, दोष ठरवत नाही. नियम पाळले जातात की नाही ते बघणारं कार्यालय वेगळं आहे. आपण सगळं एका टोपलीत घालतोय असं वाटतं.

दुसरं, शिफारस बंधनकारक केली तर आयुक्त शिफारस करतानाच हात आखडतील. कारण मग पैसे, मुदत, सगळ्याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

---

ओहायोकर

मी क्लीव्हलंडजवळ राहतो. ३ फेब्रुवारी २०२३ ला ईस्ट पॅलेस्टाइनला नॉरफोक सदर्नची मालगाडी घसरली ते गाव माझ्यापासून दीड-दोन तासांवर आहे. ३८ डबे घसरले. तीन दिवसांनी व्हिनिल क्लोराइडच्या पाच टाक्या मुद्दाम फोडून जाळल्या, आणि तो काळा ढग आम्ही बातम्यांत पाहिला. पुढे तपास मंडळाने सांगितलं की ते जाळणं गरजेचं नव्हतं.

इथला अनुभव सांगतो, कारण इथे स्वतंत्र तपास मंडळ आहे, एनटीएसबी, आणि तरी पूर्ण उत्तर मिळालेलं नाही.

त्या गाडीच्या एका डब्याचं बेअरिंग तापत होतं. रुळांच्या कडेला तापमान मोजणारी यंत्रं असतात. पहिल्या यंत्राने बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरेनहाइट जास्त दाखवलं, दुसऱ्याने १०३, आणि तिसऱ्याने २५३. तिसऱ्यावर धोक्याची सूचना गेली, चालकाने ब्रेक लावले, पण उशीर झाला होता. शेवटच्या दोन यंत्रांत जवळपास वीस मैलांचं अंतर होतं. ही यंत्रं किती अंतरावर लावायची आणि किती तापमानाला गाडी थांबवायची, याचा केंद्रीय नियमच नव्हता. कंपनी ठरवायची.

त्यानंतर ओहायोचे दोन्ही सिनेटर, शेरॉड ब्राउन आणि जे. डी. व्हान्स, वेगवेगळ्या पक्षांचे, एकत्र आले आणि रेल्वे सुरक्षा विधेयक मांडलं. यंत्रांचे नियम, गाडीवर किमान दोन माणसं, दंड वाढवणं. समितीतून ते पुढे सरकलं, पण सिनेटमध्ये मतदानालाच आलं नाही. एनटीएसबीलाही फक्त शिफारस करता येते. विचारी_माणूस म्हणतात तसं तपास आणि नियम इथे वेगळे आहेत, आणि म्हणूनच मधली जागा रिकामी राहते.

पण कायद्याने काय होतं याचं उलट उदाहरणही इथलंच. गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेची शिफारस मंडळ १९६९ पासून करत होतं. कोणी हललं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल आणि मालगाडी समोरासमोर धडकली, २५ माणसं गेली, चालक फोनवर संदेश पाठवत होता. महिन्याभरात संसदेने कायदा केला आणि त्यात तारीख घातली, २०१५ अखेर. ती तारीख पुढे ढकलली, पण २०२० च्या शेवटी काम पूर्ण झालं. चाळीस वर्षं शिफारस आणि बारा वर्षं कायदा, हा फरक.

कसारावालीताई, तुमच्या बाबांच्या पत्रावरून एक सांगायचं होतं. इथल्या कायद्यात धोका कळवणाऱ्या किंवा धोकादायक काम नाकारणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यावर सूड उगवायला बंदी आहे, तो श्रम खात्याकडे दाद मागू शकतो. शिवाय 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग नाव गुप्त ठेवून कळवायची एक सोय आहे. ते कागद रेल्वे कंपनीकडे जात नाहीत, नासाकडे जातात.

---

कसारावाली

सगळ्यांचे आभार. ओहायोकर, नासाचं वाचून बाबांना सांगितलं, त्यांना खूप वेळ ते खरंच वाटेना.

विचारी_माणूस, तुमचं पहिलं म्हणणं मला पटलं. माझी मागणी दुरुस्त करते. तपास वेगळा, नियमांवर देखरेख वेगळी, दोघेही रेल्वे बोर्डाबाहेर. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र नाही. शिफारस बंधनकारक नको असेल तर निदान हे असू दे: बोर्डाने ठरावीक दिवसांत लेखी कळवायचं की मानली का, नाही मानली तर का, आणि ते उत्तर अहवालाबरोबर प्रसिद्ध करायचं. बांकरानयाबाजनंतर काय केलं, हा प्रश्न मे २०२२ नंतर तीन महिन्यांत कोणीतरी जाहीरपणे विचारला असता तर?

---

पीवे_निवृत्त

१७ जून २०२४ चा पश्चिम बंगालमधल्या रंगापाणीचा कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. ऑटोमॅटिक सिग्नल पहाटेपासून बंद. मास्तरांनी चालकांना लाल सिग्नल ओलांडायची परवानगी म्हणून टी/ए ९१२ चा कागद दिला. प्रसंगाला तो कागदच बरोबर नव्हता आणि त्यावर वेग लिहिलेला नव्हता. एकाच पट्ट्यात एकच कागद घेऊन निघालेल्या चालकांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने समजून घेतला. कांचनजंगाचा चालक सावकाश जात होता, मागून मालगाडी वेगात आली आणि धडकली. सुरुवातीला बोट मालगाडीच्या मेलेल्या चालकाकडेच गेलं. आयुक्तांच्या अहवालाने सांगितलं की ऑटोमॅटिक पट्ट्यात काम कसं करायचं हे माणसांना नीट शिकवलंच नव्हतं.

एवढ्यासाठी तरी बाहेरचा तपास हवा. आतल्या चौकशीत मेलेला माणूस जबाब देत नाही.

---

मीना_डोंबिवली

वकीलसाहेब, 'रेल्वेच्या हद्दीत माणसाला झालेला अपघात' हे वाक्य मी लिहून घेतलंय. आमच्या प्रवासी संघटनेची रविवारी बैठक आहे. खासदारांना द्यायच्या निवेदनात घालते. मसुदा तयार झाला की इथे टाकते, चुका काढा.

---

ॲड_ठाणे

टाका. कलमांचे आकडे मी तपासून देतो. ब्लॉकची नोंद आणि शिफारशीला मुदतीत लेखी उत्तर, हे दोन मुद्देही घाला. कर्मचाऱ्याच्या संरक्षणाचं कलम कसं लिहावं, ते मात्र रेल्वेत काम केलेल्या माणसाने सांगितलं तर नेमकं होईल.

---

कसारावाली

वरचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. चष्मा काढून थोडा वेळ बसले, मग वही मागितली. त्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

'मेंटेनरने रिकनेक्शनची सही नाकारली आणि वरिष्ठाला गाडी सोडायची असेल, तर वरिष्ठाने स्वतः त्याच मेमोवर नाव, हुद्दा आणि वेळ लिहून सही करावी. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. फोनवर सांगितलेलं चालणार नाही. मेमोची एक प्रत रेल्वेबाहेर जावी.'

मीनाताई, हेही निवेदनात घ्या. खाली नाव टाकायचं का विचारलं तर म्हणाले, टाक, आणि पुढे सिग्नल मेंटेनर असं लिही.